ओटीपोटाचं दुखणं डॉक्टरांना नेमकं सांगायचं कसं? भेटीआधीच्या पाच आठवड्यांतल्या नोंदी

प्रश्न: माझं वय ३१. गेलं वर्षभर ओटीपोटात दुखतंय. आधी फक्त पाळीत दुखायचं, आता मधल्या दिवसांतही दुखतं. सोनोग्राफी नॉर्मल आली. दोन डॉक्टर झाले, पण समोर बसलं की "दुखतं" यापुढे मला काही सांगताच येत नाही आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन मी परत येते. आता पाच आठवड्यांनी नव्या स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. तोवर काय काय लिहून ठेवू? ॲप वापरू की वही? संबंधांच्या वेळीही दुखतं, ते लिहायचं का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. हो, लिहायचं, आणि पहिल्या पानावर लिहायचं. संबंधांच्या वेळचं दुखणं लाजेखातर गाळलं जातं, आणि निदानाच्या दृष्टीनं कित्येकदा तीच ओळ सगळ्यात मोलाची असते. का, ते पुढे येईलच.

ओटीपोटाच्या जुनाट दुखण्याचे रुग्ण मी बरीच वर्षं बघते आहे. नोंदी घेऊन येणाऱ्या बायका अलीकडे वाढल्या आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण बऱ्याच वह्यांत रोजचा फक्त एक आकडा असतो: आज ६, काल ७, परवा ५. असे तीन महिन्यांचे आकडे वाचूनही मला एवढंच कळतं की दुखतं आहे, आणि ते मी तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच मानलेलं असतं. मला हवं असतं ते वेगळं. दुखणं कशाबरोबर येतं? कशानं वाढतं? कशानं जातं? किती दुखतं आणि कुठे दुखतं यापेक्षा या प्रश्नांची उत्तरं मला जास्त उपयोगी पडतात.

याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. गर्भाशय, मूत्राशय, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग आणि या सगळ्यांना खालून तोलून धरणारे स्नायू एकमेकांना अगदी खेटून असतात. त्यांच्याकडून निघणाऱ्या संवेदना मज्जारज्जूत जवळपास त्याच पातळ्यांवर पोचतात. त्यामुळे बोट भाजलं तर कोणतं बोट हे मेंदूला जसं नेमकं कळतं, तसं इथे कळत नाही. बेंबीखाली पंजा ठेवून "इथे" म्हणणाऱ्या चौघींपैकी एकीचं मूळ मूत्राशयात असू शकतं, दुसरीचं गर्भाशयात, तिसरीचं आतड्यात आणि चौथीचं स्नायूंत. शिवाय दुखणं महिनोन्‌महिने राहिलं की मज्जातंतू जास्त संवेदनशील होतात आणि एका अवयवाचा त्रास शेजारच्या अवयवाच्या कामातही जाणवायला लागतो. म्हणून एकाच वेळी दोन-तीन कारणं सापडणं हेही नेहमीचंच. जागेवरून न सुटणारं हे कोडं वेळ आणि निमित्त पाहिलं की पुष्कळदा सुटायला लागतं.

तुमच्या वहीचा कणा म्हणजे पाळीचा दिवस. रक्तस्राव नीट सुरू झाला तो दिवस १, मग २, ३ असं पुढची पाळी येईपर्यंत रोज मोजत जायचं. तारखेबरोबर हा क्रमांक असला की अर्धं काम झालं. साधी पाळीची कळ बहुधा रक्तस्रावाच्या आसपास सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. पाळीच्या बरेच दिवस आधी दुखायला लागणं, पाळी संपल्यावरही ते रेंगाळणं, काळाबरोबर वाढत जाणं, पाळीत शौचाच्या किंवा लघवीच्या वेळी कळ येणं आणि संबंधांत खोलवर दुखणं, असं चित्र दिसलं तर आम्हाला एन्डोमेट्रिऑसिसचा विचार करावा लागतो. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशीसमूह गर्भाशयाबाहेर वाढतो. जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, तरीही निदान व्हायला कित्येकींची वर्षं जातात. पाळी खूप जाते, रक्ताच्या गाठी पडतात आणि गर्भाशय जड, ठणकल्यासारखं वाटतं, असं असेल तर ॲडिनोमायोसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी त्याच्याच स्नायूंच्या भिंतीत वाढणं) किंवा फायब्रॉइडच्या गाठी तपासाव्या लागतात. आणि पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी एकाच कुशीत काही तास ते एक-दोन दिवस दुखून थांबत असेल, तर ते बीजांड सुटतानाचं दुखणं असण्याची शक्यता मोठी. त्यानं काही बिघडत नाही. "महिन्याच्या मधल्या दिवसांतही दुखतं" असं तुम्ही लिहिलं आहे, पण ते नेमकं कोणत्या दिवशी, दर महिन्याला त्याच सुमाराला की कधीही, हे वही सांगेल. हार्मोनच्या गोळ्यांमुळे किंवा गर्भाशय काढल्यामुळे पाळीच येत नसेल त्यांनीही तारखा लिहाव्यात. बीजांडकोश शाबूत असतील तर रक्तस्राव नसला तरी महिन्याचं चक्र आत चालू असू शकतं.

मग लघवी. मूत्राशय भरत आलं की दुखणं वाढतं आणि लघवी करून आल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, हा मूत्राशयाच्या वेदनेचा ठसठशीत नमुना आहे. लघवी करतानाच जळजळणं वेगळं. मूत्राशयाच्या वेदनेच्या कित्येक रुग्णांना "इन्फेक्शन" म्हणून पुन्हा पुन्हा प्रतिजैविकं मिळालेली असतात आणि लघवीच्या कल्चरमध्ये मात्र जंतू सापडलेले नसतात. म्हणून जुने कल्चर रिपोर्ट जपून आणा, नॉर्मल आलेले तर नक्कीच. लघवीचा संबंध वाटत असेल तर सलग तीन दिवस वेगळी नोंद करा: किती वाजता, मापाच्या भांड्यात किती मिलिलिटर, आधी दुखणं किती, नंतर किती. रात्री उठावं लागलं तर तेही. तीन दिवस पुरेत. महिनाभर मापाचं भांडं घेऊन फिरायची गरज नाही.

शौचाच्या बाबतीत बायका लघवीपेक्षाही कमी बोलतात. आतड्याच्या संवेदनशीलतेचा विकार, ज्याला सगळे आयबीएस म्हणून ओळखतात, त्याचे २०१६ पासूनचे निकष साधे आहेत. गेल्या ३ महिन्यांत आठवड्यातून किमान १ दिवस पोटात दुखणं, आणि दुखण्याचा शौचाशी संबंध असणं, शौचाची वारंवारता बदलणं, शौचाचं स्वरूप बदलणं या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी. त्रासाची सुरुवात ६ महिन्यांपूर्वीची हवी. म्हणजे तुमच्या वहीत "आज दोनदा, पातळ, गेल्यावर दुखणं कमी" एवढी ओळ असली तरी निदानाचा निम्मा रस्ता पार होतो. शौचाच्या स्वरूपासाठी ब्रिस्टल तक्ता वापरतात. क्रमांक १ म्हणजे सुट्टे कडक खडे, ७ म्हणजे निव्वळ पाणी. नुसता आकडा लिहिला तरी आम्हाला कळतं. फक्त एक फरक नीट लिहा: हा त्रास सगळ्या महिनाभर असतो की पाळीच्या दिवसांतच उसळतो? आयबीएसवाल्या बऱ्याच जणींचं पोटही पाळीत बिघडतंच, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लागत नाही, पण पुढे कोणत्या तपासण्या आधी करायच्या ते यावरून ठरतं.

स्नायूंचा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो, डॉक्टरांकडूनही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले राहिले की ते आखडतात आणि ठणकतात. बराच वेळ बसल्यावर, व्यायामानंतर, कुंथल्यानंतर, संबंधांच्या दुसऱ्या दिवशी दुखणं वाढत असेल तर ते जरूर लिहा. मूळ आजार दुसराच असला तरी वेदनेला घाबरून शरीर हे स्नायू आवळून धरतं आणि मग त्या स्नायूंचं एक स्वतंत्र दुखणं सुरू होतं. ते ओळखलं गेलं तर या भागाचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टची चांगली मदत होते. बसल्यावर दुखतं, कमोडच्या सीटवर बसल्यावर मात्र बरं वाटतं आणि रात्री या दुखण्यानं झोपमोड होत नाही, असं असेल तर तिथल्या एका विशिष्ट मज्जातंतूकडे लक्ष जातं. दिवसभर उभं राहून संध्याकाळी ओटीपोट जड होत असेल आणि आडवं झाल्यावर हलकं वाटत असेल, तर फुगलेल्या शिरांचा विचार करावा लागतो. आणि एक सोपी गोष्ट घरीच बघा: दुखरी जागा एका बोटानं दाखवता येते की पूर्ण पंजा फिरवावा लागतो? एकाच बोटानं, दर वेळी तीच जागा दाखवता येत असेल आणि उताणं झोपून डोकं-खांदे उचलून पोट ताठ केल्यावर तिथे दाबलं तर जास्त दुखत असेल, तर दुखणं आतल्या अवयवाचं नसून पोटाच्या भिंतीचं असू शकतं. अशा दुखण्यापायी कित्येकींच्या आतल्या तपासण्या विनाकारण होतात.

आता संबंधांबद्दल. "दुखतं" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. सुरुवातीलाच, प्रवेशाच्या जागी दुखतं, आग होते किंवा स्नायू घट्ट मिटतात. खोलवर गेल्यावर दुखतं, काही स्थितींत जास्त. तेव्हा काही होत नाही, पण नंतर तासन्‌तास किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत ठणकतं. या तिन्हींमागची कारणं वेगळी, तपासणी वेगळी आणि उपायही वेगळे. कोणत्या प्रकारचं, पाळीच्या कितव्या दिवशी, किती वेळ टिकलं, एवढं लिहा. दुखण्याच्या भीतीनं टाळलं असेल तर "टाळलं" असंही लिहा, तीही नोंदच आहे. ज्यांचा संबंधांचा प्रश्नच येत नाही त्यांनी टॅम्पॉन किंवा कप वापरताना किंवा आधीच्या आतून तपासणीत दुखलं होतं का ते लिहावं. वही दुसऱ्याच्या हाती पडेल अशी धास्ती असेल तर स्वतःपुरती खूण ठरवा: एक टिंब, दोन टिंबं, तीन टिंबं. अर्थ तुम्हाला ठाऊक असला की झालं.

पुढच्या गोष्टी घडल्या तर मात्र वही बाजूला ठेवा आणि पाच आठवडे थांबू नका. पाळी चुकली आहे किंवा गरोदरपणाची शक्यता आहे आणि एका बाजूला दुखतंय, रक्त जातंय, खांद्याच्या टोकाशी दुखतंय किंवा भोवळ येतेय: गर्भ नळीत असू शकतो, त्याच दिवशी तातडीच्या विभागात जायचं. अचानक एका बाजूला असह्य कळ आणि उलट्या: बीजांडकोशाला पीळ पडलेला असू शकतो, तिथे तासांचा हिशोब असतो. दुखण्याबरोबर ताप आणि अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणं. लघवी अडकणं, किंवा दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं. तासातासाला पॅड पूर्ण भिजून बदलावं लागणं आणि तसं काही तास चालू राहणं. पाळी कायमची थांबल्यानंतर झालेला रक्तस्राव, शौचातून रक्त जाणं, कारण नसताना घटणारं वजन किंवा पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेली आणि न ओसरणारी पोटफुगी यांत तातडीच्या विभागात धावायचं नसलं तरी महिनाभर नोंदी करत बसण्यापेक्षा लवकरची वेळ मागून घ्यायची.

हे नसेल तर वहीकडे वळू. रोज लिहायचंच का, महिन्याअखेर आठवून एकदम लिहिलं तर? नको. वेदनेची आठवण सरासरी काढत नाही. १९९६ साली डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनियल कानेमन यांनी वेदनादायक वैद्यकीय तपासण्या झालेल्या रुग्णांचा अभ्यास केला. रुग्णांनी क्षणोक्षणी दिलेले आकडे आणि नंतरची त्यांची आठवण ताडून पाहिली. आठवणीत उरला होता सर्वांत वाईट क्षण आणि शेवटचा काळ. वेदना किती वेळ चालली याचा आठवणीवर फारसा परिणामच नव्हता. म्हणजे गेल्या आठवड्यातला एक भयंकर दिवस तुमचा सगळा महिना काळा करून टाकतो, किंवा भेटीच्या दिवशी नेमकं बरं वाटत असलं तर महिनाभराचा त्रास डॉक्टरांसमोर फिका होतो. तुमचं तोंड बंद होतं त्यातही याचा वाटा असणार.

दुसरा एक अभ्यास मला फार आवडतो, कारण त्यात माणसाचा स्वभाव पकडला गेला आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जुनाट दुखण्याच्या रुग्णांना कागदी वह्या दिल्या होत्या आणि वही कधी उघडली जाते हे टिपणारी यंत्रणा त्यात बसवली होती. वह्यांवरच्या तारखा-वेळा पाहता ९० टक्के नोंदी वेळेवर झालेल्या दिसत होत्या. यंत्रणेच्या हिशोबानं तशा होत्या फक्त ११ टक्के. बाकीच्या नंतर बसून भरलेल्या. शाळेत सुट्टीच्या शेवटच्या दिवशी पूर्ण केलेल्या शुद्धलेखनाच्या वहीसारखं हे प्रकरण. तेव्हा एखादा दिवस राहिला तर राहू द्या. रिकामी जागा प्रामाणिक असते, अंदाजानं भरलेली जागा दिशाभूल करते. मात्र रिकामी जागा आणि "आज काही नाही" यांत गल्लत नको. न दुखलेला दिवसही आवर्जून लिहा, कारण दुखणं सलग आहे की मध्ये मोकळे दिवस मिळतात हे त्याशिवाय कळत नाही.

झोपण्यापूर्वीची एक ठरलेली वेळ धरा. दोन मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. नोंद अशी असली तरी भरपूर झाली:

"दिवस २४. दुपारी दोनपासून डावीकडे खोल ठणका, कंबरेत उतरतो. जास्तीत जास्त ६. शौचाला बसल्यावर कळ वाढली. चार वाजता मेफेनॅमिक ॲसिड ५००, पाऊण तासानं निम्मं कमी. काम सोडून आडवी झाले."

"दिवस २५. काही नाही."

"दिवस २६. सकाळी फक्त जडपणा, २. रात्री संबंध, खोलवर दुखलं, तासभर टिकलं."

आकड्यांचं म्हणाल तर ० ते १० ही पट्टी चालते, पण वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या आकड्यांचा अर्थ लिहा. ३ म्हणजे दुखतंय पण काम चालू आहे, ६ म्हणजे काम सोडून बसावं लागतं, ९ म्हणजे बोलवतही नाही, असं काहीही. एकीचं ७ दुसरीच्या ४ सारखं असतं. म्हणून आकड्यापेक्षा त्या दिवशी काय करता आलं नाही याला मी जास्त वजन देते. "८" हा आकडा वाचून डॉक्टर मान डोलावतात; "महिन्यात चार दिवस रजा, दोन रात्री झोप नाही" हे वाचून पुढची तपासणी लिहितात. हे असं असावं का, तर नसावं, पण असतं.

दुखण्याचं वर्णन करायला पुस्तकी शब्द शोधू नका. कळ, चमक, ठणका, मुरडा, जळजळ, टोचणी, पिळवटणं, जडपणा, खाली ओढल्यासारखं वाटणं: मराठीत यासाठी शब्दांची वानवा नाही आणि प्रत्येकानं आम्हाला काहीतरी कळतं. जळजळ, मुंग्या किंवा विजेसारखी चमक असेल तर मज्जातंतूचा संशय येतो, येऊन-जाऊन मुरडा असेल तर पोकळ अवयवाचा. एकदा कधीतरी शरीराची पुढून-मागून साधी आकृती काढून दुखरे भाग रंगवा. मांडी, जांघ, कंबर, माकडहाड सगळं. रोज काढायची गरज नाही.

गोळ्यांची नोंद नीट हवी: नाव, मात्रा, किती वाजता, दुखणं सुरू होऊन किती वेळानं, आणि फरक किती पडला. "गोळीचा उपयोग होत नाही" असं सांगणाऱ्या कित्येक जणी गोळी घेतात ती अगदी सहन होईनासं झाल्यावर. पाळीतल्या कळा प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे येतात आणि मेफेनॅमिक ॲसिड, आयब्युप्रोफेन यांसारखी औषधं ती तयार होणंच रोखतात. आधी तयार झालेल्या द्रव्यांवर त्यांचा इलाज नसतो. त्यामुळे वेळ लिहिली की औषध निकामी होतं की उशिरा घेतलं गेलं, हे स्पष्ट होतं. अर्थात पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, दमा किंवा गरोदरपणाची शक्यता असेल तर ही औषधं स्वतःच्या मनानं घ्यायची नाहीत. गर्भनिरोधक, लोह, काढे, चूर्णं हेही लिहा. लोहानं आणि काही तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतं आणि बद्धकोष्ठानं ओटीपोट दुखतं.

रक्तस्रावासाठी रोज किती पॅड, त्यातली किती पूर्ण भिजलेली, गाठी पडल्या का आणि साधारण केवढ्या, एवढं पुरे.

ॲप की वही? जे रोज हातात येतं ते. ॲपची सोय ही की वेळ आपोआप नोंदली जाते आणि नंतर भरायचा मोह टळतो. गैरसोय ही की बहुतेक पाळीची ॲप गरोदरपण आणि पुढच्या तारखा डोळ्यांसमोर ठेवून बनलेली असतात, त्यात लघवी-शौचाला धड जागा नसते. आणि त्यांतून निघणारा रंगीबेरंगी आलेखांचा गठ्ठा कोणी वाचत नाही. मी तरी वाचत नाही. फोन घरात इतरांच्या हाती जात असेल किंवा अशी माहिती कंपनीकडे साठणं नको वाटत असेल, तर वहीच बरी.

एक गोष्ट उघडपणे सांगायला हवी. लक्षणांची वही ठेवल्यानं निदान लवकर होतं असा पुरावा अजून नाही. एन्डोमेट्रिऑसिसवरच्या २०२२ सालच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांतही तसंच म्हटलं आहे. त्याच सूचना असंही म्हणतात की डॉक्टरांच्या विचारपूसीला पूरक म्हणून, आणि रुग्णाला आपला त्रास दाखवून देता यावा म्हणून, वहीचा उपयोग होऊ शकतो. माझा अनुभव याच्याशी जुळतो. वही निदान करत नाही, ती योग्य प्रश्न लवकर पुढे आणते. आणि तिला मर्यादाही हवी. दर तासाला पोटाकडे लक्ष देत बसलं तर दुखणं जास्त जाणवू लागतं. दिवसातून एकदाच, आणि दोन-तीन चक्रं झाली की बंद. तुमच्या पाच आठवड्यांत एक पूर्ण चक्र बसेल. भेटीसाठी तेवढंही चालेल, "वही पूर्ण झाली नाही" म्हणून भेट पुढे ढकलू नका. आणि लिहिण्यामुळे मन सारखं दुखण्यातच अडकतंय असं वाटलं, तर रोजचं तपशीलवार लेखन सोडून फक्त पाळीचा दिवस आणि एक आकडा यावर या.

भेटीच्या दोन दिवस आधी बसून सगळ्याचं एक पान करा. वही सोबत असू द्या, पण हाती द्यायचं ते हे पान. १९८४ साली अमेरिकेत झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णाचं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडल्याचं दिसलं होतं. तेव्हा पहिलं वाक्य आधीच ठरवलेलं हवं. तुमच्यासाठी ते असं काहीसं होईल: "वर्षभर ओटीपोटात दुखतंय, आधी फक्त पाळीत होतं, सहा महिन्यांपासून पाळीबाहेरही, संबंधांत खोलवर दुखतं आणि महिन्याला तीन-चार दिवस काम बुडतं." महिने आणि दिवस तुमच्या वहीतून घाला. त्याखाली दुखणं वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या गोष्टी, आजवर घेतलेली औषधं आणि त्यांचा परिणाम, झालेल्या तपासण्या तारखांसह, आधीची ऑपरेशनं, गरोदरपणं, आई किंवा बहिणीला असा त्रास आहे का. शेवटी तुम्हाला काय हवंय: निदान, आराम, की लवकरच मूल? हे न विचारताच सांगा. एन्डोमेट्रिऑसिसच्या दुखण्यावरचे हार्मोनचे बहुतेक उपचार चालू असताना गर्भधारणा होत नाही, त्यामुळे उत्तरावर सगळी दिशा ठरते.

सोनोग्राफी नॉर्मल आल्याचं दडपण घेऊ नका. साध्या सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट (एन्डोमेट्रिऑसिसमुळे बीजांडकोशात होणारी, जुनं रक्त साठलेली गाठ) किंवा फायब्रॉइड दिसतात, पण एन्डोमेट्रिऑसिसचे पोटाच्या आतल्या पडद्यावरचे पातळ डाग सहसा दिसत नाहीत. आखडलेले स्नायू किंवा दुखावलेला मज्जातंतू तर साध्या सोनोग्राफीत शोधलाच जात नाही. "सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग अजून कोणती कारणं उरतात?" असं सरळ विचारा. दरवेळी दुर्बिणीची शस्त्रक्रियाच करावी लागते असंही आता नाही. लक्षणं आणि तपासणी पाहून आधी औषधोपचार सुरू करणं हा मान्य मार्ग आहे.

आतून तपासणी करायची असेल तर ती कशासाठी हे आधी विचारा. नको म्हणण्याचा, मध्येच थांबवण्याचा, सोबत कोणी असावं असं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. आधीच्या तपासणीत खूप दुखलं असेल किंवा पूर्वी अत्याचार सोसला असेल, तर तपशील न सांगता "मला ही तपासणी जड जाते, सावकाश करा" एवढं म्हटलं तरी समजूतदार डॉक्टर थांबून घेतात. पाळी चालू आहे म्हणून भेट रद्द करू नका, फक्त फोन करून विचारून घ्या.

ओटीपोटाचं जुनाट दुखणं पुरुषांनाही होतं, तुमच्या प्रश्नात ते नसलं तरी कोणी वाचणारा असेल म्हणून सांगते. त्यांनी पाळीच्या दिवसाऐवजी वीर्यपतनाच्या वेळी किंवा नंतर दुखणं, बसल्यावर दुखणं आणि लघवीची धार यांच्या नोंदी ठेवाव्यात. अंडकोशात अचानक तीव्र दुखलं तर लगेच रुग्णालय गाठावं, तिथेही पिळाचा धोका असतो.

भेट संपताना तीन गोष्टी विचारून त्याच पानामागे लिहून घ्या. सध्या तुम्हाला कोणत्या कारणाची शक्यता जास्त वाटते? या उपायाचा परिणाम दिसायला किती दिवस द्यायचे? नाही दिसला तर पुढची पायरी कोणती? उपचार सुरू झाले त्या दिवशी वहीत आडवी रेघ मारा. हार्मोनचे उपचार असतील तर ते लागू पडतात की नाही हे कळायला साधारण तीन महिने जातात आणि सुरुवातीला अधूनमधून डाग लागणं नेहमीचं असतं. त्या काळात रोज सगळं लिहायची गरज नाही. दुखलेले दिवस, रक्त गेलेले दिवस आणि औषधाचा झालेला त्रास, एवढंच टिपा आणि पुढच्या भेटीला ते घेऊन जा.